वाकडा कॅनल आणि सरळ व्हायला बघणारी फाइल : नव्यांसाठी तुलनेची पद्धत

रूट कॅनल करताना मुळातली नळी, म्हणजे कॅनल, बारीक फाइलने घासून साफ आणि रुंद करतात. आता खालच्या पहिल्या दाढेचं पुढचं मूळ घ्या. एक्स-रेवर ते जरासं मागे झुकलेलं दिसतं. त्यातल्या एमबी (मेसिओबक्कल, म्हणजे पुढच्या-गालाकडच्या) कॅनलमध्ये स्टीलची २५ नंबरची फाइल तळापर्यंत घातली की ती वाकते, पण वाकलेली राहायला राजी नसते. सरळ व्हायला बघते. मग टोकाशी ती वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर रेटते आणि वळणाच्या मधोमध आतल्या, म्हणजे दोन मुळांच्या बेचक्याकडच्या भिंतीवर. जिथे रेटते तिथलं डेंटिन (मुळाच्या भिंतीचा कठीण भाग) जास्त जातं. लेज (भिंतीत पडलेली पायरी), झिप (टोकाशी फाकलेला कॅनल), ॲपिकल ट्रान्सपोर्टेशन (टोकाशी कॅनल मूळ जागेवरून सरकणं), स्ट्रिप पर्फोरेशन (बेचक्याकडची भिंत घासून पडलेलं भोक) ही सगळी याच एका हट्टाची पोरं. त्यामुळे दोन फाइल्सची तुलना करताना विचारायचं ते इतकंच: या वळणात कोणती फाइल कमी हट्ट करते, आणि त्या बदल्यात आपल्याकडून काय मागते?

हा लेख इंटर्न, पहिल्या वर्षाचे पीजी आणि नागपुरात धंतोली-रामदासपेठेपासून हिंगणा रोडपर्यंत कुठेही नवं क्लिनिक थाटणाऱ्यांसाठी आहे. डीलरकडचा माणूस दर दोन महिन्यांनी नवं पाकीट घेऊन येतो आणि "सर, कुठल्याही कॅनलला चालते" म्हणतो. त्याचं ऐकून घ्या, चहा पाजा, पाकीट ठेवून घ्या आणि मग खालची कामं स्वतः करून बघा.

आधी वळण मोजा

वळण नुसतं "जास्त आहे", "फार नाही" असं लिहून तुलना होत नाही. श्नायडरची १९७१ ची पद्धत अजूनही सगळ्यात सोपी आहे. १० किंवा १५ नंबरची के-फाइल कॅनलमध्ये ठेवून पेरिॲपिकल एक्स-रे घ्या. कॅनलच्या वरच्या सरळ भागातून त्याच्या अक्षावर एक रेघ ओढा. कॅनल जिथे त्या रेघेपासून सुटतो तिथे टिंब द्या. त्या टिंबापासून ॲपिकल फोरामेनपर्यंत (मुळाच्या टोकाच्या छिद्रापर्यंत) दुसरी रेघ. दोन रेघांमधला लघुकोन म्हणजे वळण. ५ अंशांपर्यंत सरळ, १० ते २० मध्यम, २५ ते ७० तीव्र, अशी श्नायडरची वाटणी आहे.

पण कोन अर्धीच गोष्ट सांगतो. ३० अंशांचं वळण हळूहळू, १० मिमी त्रिज्येच्या कमानीत आलं तर फाइल आरामात जाते. तेच ३० अंश ३ मिमी त्रिज्येत आले तर तीच फाइल मोडू शकते. प्रुएट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हा त्रिज्येचा मुद्दा पुढे आणला आणि तेव्हापासून तो टाळता येत नाही. त्रिज्या काढण्यासाठी एक्स-रेच्या प्रतिमेवर वळणाला नीट बसेल असं वर्तुळ संगणकावर काढा आणि त्याची त्रिज्या स्केलनुसार मोजा. फॉर्मवर दोन्ही आकडे लिहा.

एक गोष्ट एक्स-रे लपवतो. वरच्या पहिल्या दाढेचं पॅलेटल मूळ बऱ्याचदा टोकाशी गालाकडे वळलेलं असतं. ते वळण थेट फिल्मच्या दिशेत असल्यामुळे फोटोत मूळ सरळसोट दिसतं. खालच्या दाढेच्या एमबीचंही तसंच, मागे वळता वळता ते जिभेच्या दिशेनेही वळत असतं. म्हणून एक सरळ आणि एक सुमारे २० अंश तिरका, असे दोन एक्स-रे घ्या. तरी शंका उरली तर १० नंबरची फाइल बाहेर काढून तिच्याकडे नीट पाहा. कॅनलने तिला जो आकार दिला, तो फुकटचा नकाशा आहे. रबर स्टॉपची खूण गालाच्या दिशेला ठेवून फाइल काढली असेल, तर वळण कुठे आहे ते लगेच कळतं.

टोकाचा नंबर सारखा, पोट वेगळं

नव्यांची पहिली चूक इथे होते. एका हातात स्टीलची २५, दुसऱ्या हातात रोटरी, म्हणजे मोटरवर फिरणारी, २५, आणि "दोन्ही २५ च आहेत" म्हणून तुलना सुरू. २५ म्हणजे फक्त टोक ०.२५ मिमी. पुढचं सगळं टेपर, म्हणजे टोकापासून वर दर मिमीला वाढणारी जाडी, ठरवतो. टेपर ०.०२ असेल तर टोकापासून १० मिमी वर फाइलची जाडी ०.४५ मिमी, ०.०४ असेल तर ०.६५, आणि ०.०६ असेल तर ०.८५ मिमी. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात बेचक्याकडची भिंत बहुतेक वेळा १ मिमीच्या आसपास असते, कधी त्याहून पातळ. तिथे ०.४५ आणि ०.८५ यांतला फरक म्हणजे भिंत राहणं आणि भिंत जाणं यातला फरक.

मग सगळीकडे ०.०२ च का नको? कॅनल धुण्याच्या सुईसाठी. ३० गेजच्या सुईची बाहेरची जाडी साधारण ०.३१ मिमी असते. २५ नंबर आणि ०.०२ टेपरच्या कॅनलमध्ये ०.३१ मिमी ही रुंदी टोकापासून ३ मिमी वर मिळते, ०.०४ मध्ये दीड मिमी वर, ०.०६ मध्ये १ मिमी वर. म्हणजे बारीक टेपर ठेवलात तर सुई आणि हायपो (कॅनल धुण्याचं सोडियम हायपोक्लोराइट) तळाशी पोचणार नाही. वाकड्या कॅनलमध्ये सुई याहून आधीच अडते, हे वेगळं. म्हणून अशा दाढांमध्ये २५ किंवा ३० नंबर आणि ०.०४ टेपर हा आमच्या मते बहुतेक वेळा शहाणा मध्य आहे. तीव्र वळणात ०.०६ चा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही.

बाजारातल्या बऱ्याच फाइल्सचा टेपर सगळीकडे एकसारखा नसतो, हेही लक्षात ठेवा. प्रोटेपर एफ-२ चं टोक २५ आणि टेपर ०.०८, पण तो ०.०८ फक्त टोकाकडच्या भागात, वर तो कमी होत जातो. वेव्हवन गोल्ड प्रायमरीचं टोक २५, टेपर ०.०७, तोही वर घटतो. प्रोटेपर नेक्स्टची एक्स-२ म्हणजे २५ आणि ०.०६. ट्रूनेटमी प्राइम २६ आणि ०.०४. यांची तुलना करताना पाकिटावरचा आकडा लिहून थांबू नका, टोकापासून ३, ६ आणि १० मिमीवरची जाडी मायक्रोमीटरने मोजून लिहा.

धातू काय करतो

स्टीलची के-फाइल चौकोनी किंवा त्रिकोणी तारेला पीळ देऊन बनते. गोल तारेची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठरपणा सुमारे १६ पट होतो, आणि फाइलही साधारण त्याच हिशेबाने वागते. म्हणूनच १० नंबर कुठेही शिरते आणि २५ नंबर भिंतीशी भांडते. दुसरी अडचण उडीची. १० वरून १५ वर जाणं म्हणजे टोकाची जाडी एकदम ५० टक्के वाढवणं. नव्या हातांचे बरेचसे लेज याच उडीत तयार होतात. यावर जुना, बिनखर्चाचा उपाय आहे: १० नंबरच्या फाइलचं टोक १ मिमी कापा. टेपर ०.०२ असल्यामुळे नवं टोक ०.१२ होतं, म्हणजे १२ नंबर तयार. कापलेली कड बारीक स्टोनवर घासून गोल करायला मात्र विसरू नका, नाहीतर ते टोक स्वतःच लेज पाडेल.

निकेल-टायटॅनियम, ज्याला सगळे नायटाय म्हणतात, ती तार मूळची ऑर्थोवाल्यांची, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्यांची. वालिया आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्या तारेपासून १५ नंबरच्या फाइल्स घडवल्या आणि त्या तेवढ्याच स्टीलच्या फाइल्सपेक्षा दोन ते तीन पट लवचिक निघाल्या. साधी नायटाय वाकवून सोडली की झटकन सरळ होते. म्हणजे हट्ट कमी झाला, पण गेला नाही.

उष्णतेची प्रक्रिया केलेली नायटाय वेगळी वागते. तिच्यात धातूची मार्टेन्साइट ही मऊ अवस्था खोलीच्या तापमानाला टिकून राहते. हायफ्लेक्स सीएमसारखी फाइल बोटाने वाकवली तर वाकलेलीच राहते, ऑटोक्लेव्हमध्ये घातली की परत सरळ. प्रोटेपर गोल्ड, वेव्हवन गोल्ड, रेसिप्रॉक ब्लू यांवरचा सोनेरी-निळा रंगसुद्धा रंगकाम नाही, त्याच प्रक्रियेत पृष्ठभागावर आलेला ऑक्साइडचा थर आहे. अशी फाइल वळणात मध्यावर राहते आणि फटीगला, म्हणजे वारंवार वाकण्याच्या थकव्याला, जास्त टिकते. बदल्यात ती मऊ असते, अरुंद किंवा कॅल्सिफाय झालेल्या कॅनलमध्ये जोर लावला की पीळ उलगडतो.

तापमानाचा विषय नागपुरात जरा जास्तच लागू आहे. उष्णता-प्रक्रियेच्या फाइलचा मऊपणा तापमानावर अवलंबून असतो. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांत आणि मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या, ४२ अंशांच्या लॅबमध्ये तीच फाइल सारखी वागणार नाही, गरम खोलीत ती लवकर मोडेल. फटीगची तुलना करायची असेल तर पाण्याचं भांडं ३५ ते ३७ अंशांवर ठेवून करा, निदान तापमान तरी लिहून ठेवा.

दहा नंबर आधी

कुठलीही मोटरची फाइल घालण्यापूर्वी १० नंबरची के-फाइल तळापर्यंत सैल जायला हवी. सैल म्हणजे किती? फाइल तळापासून १ मिमी वर काढा आणि फक्त बोटाच्या टेकणीने परत खाली सोडा. मग २ मिमी, मग ४ मिमी. तिन्ही वेळा न फिरवता तळाला गेली तर ग्लाइड पाथ, म्हणजे मोटरच्या फाइलसाठी मोकळी वाट, झाला. एकदाही अडकली तर झाला नाही.

तिथवर पोचायचा क्रम असा. ॲक्सेस (दाढेला वरून पाडलेलं भोक) असा करा की फाइल ऑरिफिसमध्ये (कॅनलच्या तोंडात) सरळ उतरेल. चेंबरच्या (दाढेच्या आतल्या पोकळीच्या) छताचा ओठ राहिला तर वळण एकाऐवजी दोन होतात. ऑरिफिस थोडं उघडा आणि हात बेचक्यापासून दूर, बाहेरच्या भिंतीकडे ओढा. अबू-रास, फ्रँक आणि ग्लिक यांनी १९८० मध्ये मांडलेलं अँटीकर्व्हेचर फायलिंग हेच आहे. वर्किंग लेंथ (फाइल किती खोल न्यायची ती लांबी) यानंतर मोजा, आधी नाही. वरचा भाग सरळ झाला की लांबी अर्धा ते एक मिमी कमी होऊ शकते, आणि जुन्या लांबीवर काम केलं तर फाइल ॲपेक्सच्या, म्हणजे मुळाच्या टोकाच्या, बाहेर जाते. मग ८ किंवा १० नंबरच्या फाइलचं शेवटचं २ ते ३ मिमी हलकं वाकवा, स्टॉपची खूण त्याच बाजूला करा, चेंबर हायपोने भरलेलं ठेवा आणि घड्याळाला चावी देतात तसं ३० ते ६० अंश मागे-पुढे करत उतरा. दाबायचं नाही. मोटरने ग्लाइड पाथ करायचा तर पाथफाइलच्या १३, १६, १९ किंवा प्रोग्लायडर चालतात, पण १० नंबर मोकळी झाल्यावरच.

ब्लॉकवरची तुलना

पारदर्शक रेझिन ब्लॉक घ्या, जे-आकाराच्या वळणाचे, एकाच कंपनीचे आणि एकाच बॅचचे. प्रत्येक फाइलसाठी १० ब्लॉक, वर हात बसवायला ५. हे पाच मोजणीत धरू नका. नव्या फाइलचे पहिले ब्लॉक नेहमीच वाईट येतात, आणि त्यांच्यावरून निकाल दिला तर जिची सवय आहे ती फाइल जिंकते.

काय काय तुलना करायची हे आधी ठरवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. धातू बघायचा तर टोक आणि टेपर सारखे ठेवा: साधी नायटाय २५/०.०४ आणि उष्णता-प्रक्रियेची २५/०.०४. हालचाल बघायची तर पूर्ण फिरणारी आणि मागे-पुढे फिरणारी फाइल, शक्य तितक्या जवळच्या मापाची. स्टीलची बाजू घ्यायची तर रोनने १९८५ मध्ये मांडलेल्या बॅलन्स्ड फोर्स पद्धतीने घ्या, नाहीतर स्टीलवर अन्याय होतो. आत जाताना उजवीकडे ६० ते ९० अंश, मग खाली हलका दाब ठेवून डावीकडे १२० अंश किंवा अधिक, शेवटी उजवीकडे फिरवत चुरा घेऊन वर. स्टीलची फाइल नुसती वर-खाली घासून "स्टील वाईट" असं लिहिलेले प्रबंध कपाटात पुष्कळ आहेत.

आता काम. ब्लॉकवर नंबर टाका. कॅनलमध्ये बारीक सुईने निळी शाई भरा. सिलिकॉन पुटीत ब्लॉकचा ठसा घेऊन ठेवा म्हणजे ब्लॉक दर वेळी त्याच जागी बसेल. मोबाइल स्टँडला घट्ट बांधा, फ्रेममध्ये मिमीची पट्टी ठेवा आणि फोटो घ्या. शाई धुवा. ब्लॉकला चिकटपट्टी गुंडाळा, कारण कॅनल दिसत असताना हात आपोआप सावरून घेतो आणि तोंडात तशी सोय नसते. लांबी कॅनल संपतो तिथून १ मिमी अलीकडे ठरवा. प्रत्येक फाइलनंतर २ मिली पाणी, १० नंबर परत तळापर्यंत, पुन्हा पाणी.

मोटरवर स्पीड आणि टॉर्क कंपनीने दिला तोच ठेवा. प्रोटेपर नेक्स्ट ३०० आरपीएम, हायफ्लेक्स सीएम ५०० आरपीएम आणि २.५ न्यूटन-सेंमी. वेव्हवन गोल्ड ही मागे-पुढे फिरणारी: १५० अंश डावीकडे, ३० अंश उजवीकडे, म्हणजे तीन हेलकाव्यांत एक पूर्ण फेरी. तिची धार डावीकडे कापते. चुकून साध्या रोटरी मोडवर लावली तर ती कापणारच नाही, आणि नवा माणूस "बोथट आहे" म्हणून दाबत बसतो. मोड तपासा, मग पेडल दाबा.

हालचाल २ ते ३ मिमीची, हलकी, दोन-तीन टोचे आणि बाहेर. धारा गॉजने पुसा. रेझिन डेंटिनपेक्षा मऊ असतं आणि घर्षणाच्या उष्णतेने मऊ होऊन धारांमध्ये चिकटतं, म्हणून ब्लॉकमध्ये फाइल अडकण्याचं प्रमाण तोंडातल्यापेक्षा जास्त. ब्लॉकवर मोडली म्हणून फाइल बाद ठरवू नका. ब्लॉक आकार दाखवतो, ताकदीबद्दल फार काही सांगत नाही.

शेवटी लाल शाई भरा, त्याच ठशात ठेवून त्याच अंतरावरून फोटो घ्या आणि दोन्ही फोटो इमेज-जे सारख्या फुकट सॉफ्टवेअरवर एकमेकांवर ठेवा. टोकापासून १ ते १० मिमीपर्यंत दर मिमीला कॅनलच्या अक्षाला काटकोनात मोजा: बाहेरच्या बाजूने किती गेलं, आतल्या बाजूने किती. मोजणाऱ्याला कोणता ब्लॉक कोणत्या फाइलचा हे माहीत नसावं.

हे आकडे वाचायला शिकणं हाच या लेखातला खरा मुद्दा, म्हणून थोडं थांबू. समजा ३ मिमीवर बाहेरून ०.१२ आणि आतून ०.०८ गेलं. फरक ०.०४, तेवढं ट्रान्सपोर्टेशन. छोटा आकडा भागिले मोठा, ०.०८ भागिले ०.१२, म्हणजे ०.६७, हा मध्यावर राहण्याचा गुणांक. १ आला तर फाइल बरोबर मधोमध राहिली. आता ७ मिमीवर बघा: आतून ०.२०, बाहेरून ०.०५. फरक ०.१५ आणि गुणांक ०.२५. ही फाइल टोकाशी सभ्य आहे पण पोटात बेचक्याकडे घुसते. सगळ्या पातळ्यांची सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं. म्हणून सरासरी सगळ्यात शेवटी, पातळीवार तक्ता आधी. टोकाशी ट्रान्सपोर्टेशन ०.३ मिमीच्या पुढे गेलं तर भरणीच्या सीलवर परिणाम होतो असं मानतात, तेवढा आकडा मनात असू द्या.

वेळही मोजा, पण दोन घड्याळं ठेवा: फाइल कॅनलमध्ये फिरत असण्याची वेळ आणि एकूण वेळ. एका फाइलचा संच फिरण्याच्या वेळेत जिंकतो आणि फाइल्स बदलण्यात सगळं हरतो, असं बरेचदा दिसतं.

काढलेल्या दाढा

ब्लॉकचा कॅनल गोल असतो, दाढेचा बहुतेक वेळा लांबट. त्यामुळे दुसरी फेरी खऱ्या दाढांवर. मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात काय किंवा हिंगण्याच्या बाजूच्या कॉलेजांत काय, सर्जरी विभागात दाढांची वानवा नसते. मात्र पेशंटच्या संमतीची आणि एथिक्स समितीची कागदपत्रं आधी. दाढा स्वच्छ करून ०.१ टक्का थायमॉलमध्ये ओल्या ठेवा. वाळलेलं डेंटिन ठिसूळ होतं. ॲमलगम भरलेली दाढ ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, पाऱ्याची वाफ होते.

सीबीसीटीची (त्रिमितीय एक्स-रे स्कॅनची) सोय असेल तर दाढ पुटीच्या ठोकळ्यात बसवून आधी आणि नंतर स्कॅन करा. टोकापासून ३, ५ आणि ७ मिमीवरचे छेद बघा. कॅनलच्या कडेपासून मुळाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, आधी आणि नंतर. किती घटलं त्यावरून वरचाच हिशेब करा. गँबिल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हा हिशेब याच रीतीने मांडला. दाढा गटांत वाटताना कोन आणि त्रिज्या सारख्या पडतील असं बघा, नाहीतर एका गटाच्या वाट्याला सगळी सरळ मुळं येतात आणि ती फाइल उगाच हुशार ठरते.

फाइल मोडते ती दोन कारणांनी

टोक अडकतं आणि मागचा भाग फिरत राहतो, ती पिळाची मोड. हिच्यात आधी पीळ उलगडलेला किंवा घट्ट झालेला दिसतो, म्हणजे फाइल इशारा देते. दुसरी वाकण्याच्या थकव्याची. वळणात फिरणाऱ्या फाइलची एक बाजू ताणली जाते, दुसरी दबते, आणि अर्ध्या फेरीत उलट होतं. ३०० आरपीएमला सेकंदाला ५ वेळा. एका जागी १० सेकंद फिरवलीत तर ५० वेळा. ही मोड वळणाच्या कमानीत होते आणि डोळ्याला आधी काहीच दिसत नाही. म्हणून मोटर चालू असताना फाइल एका खोलीवर थांबवायची नाही.

सीएम प्रकारच्या (वाकवली तशी राहणाऱ्या) फाइलमध्ये पीळ थोडा उलगडणं नेहमीचं आहे. ऑटोक्लेव्हनंतर पीळ जागेवर आला तर ठीक, नाही आला तर टाका. साध्या नायटायमध्ये पीळ जरासा उलगडला तरी टाका. १० पट भिंगाखाली बघितल्याशिवाय कुठलीही फाइल दुसऱ्यांदा वापरू नका. तीव्र वळणात एकदा वापरलेली फाइल, ती कितीही चांगली दिसो, आम्ही दुसऱ्या वाकड्या कॅनलसाठी ठेवणार नाही. कंपन्या एकदाच वापरा म्हणतात. निदान वाकड्या दाढांपुरतं तरी ते ऐका.

तोंडात उतरताना

विदर्भात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आहे, आणि त्याचा हिशेब फाइल निवडताना करावाच लागतो. वर्षानुवर्षं खर्रा चघळणाऱ्या पेशंटची तोंडं सबम्यूकस फायब्रोसिसने (तोंडाची आतली त्वचा ताठ होण्याने) दोन बोटंसुद्धा उघडत नाहीत. दाढा सुपारीने झिजलेल्या, चेंबर आक्रसलेला, कॅनल अरुंद. तिथे ब्लॉकवर पहिली आलेली २५ मिमी लांबीची फाइल आतच जात नाही. २१ मिमीच्या फाइल्स, लहान डोक्याचा हँडपीस, ॲक्सेस थोडा पुढच्या बाजूला वाढवलेला, आणि आधी वाकवून घालता येईल अशी सीएम फाइल, हा संच वेगळा काढून ठेवा. झटकन सरळ होणारी साधी नायटाय अशा तोंडात ऑरिफिसपर्यंत नेणंच कठीण.

लेज झाला तर मोठी फाइल घेऊन तो फोडायचा मोह होतो. नका करू. ८ किंवा १० नंबरच्या नव्या फाइलचं शेवटचं २-३ मिमी चांगलं वाकवा. फाइल लेजपर्यंत न्या, टक्कन थांबल्यासारखं लागेल. अर्धा मिमी वर घ्या, टोक वळणाच्या आतल्या बाजूला फिरवा, अलगद सोडा. नाही गेली तर थोडं फिरवून पुन्हा. बरोबर जागा सापडली की टक्कन थांबण्याऐवजी चिकट, किंचित धरल्यासारखं लागतं. तिथून फाइल पूर्ण बाहेर काढू नका. १ मिमीच्या छोट्या हालचालींनी लेजची कड घासून गुळगुळीत करा, फाइल सहज येऊ-जाऊ लागली की मग काढा, हायपो द्या आणि १२ नंबरवर या. त्या कॅनलमध्ये नंतर मोटरची फाइल घालायचीच झाली तर आधी वाकवता येणारीच.

हायपोबद्दल थोडंसं. उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेल्या बाटलीतला क्लोरीन झपाट्याने घटतो. लहान, गडद बाटल्या घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. नाहीतर तुलना फाइल्सची नसून बाटल्यांची होईल. शेवटी १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा चुऱ्याचा थर काढणारं द्रावण) साधारण १ मिनिट, मग पुन्हा हायपो. मध्ये क्लोरहेक्सिडिन आणू नका, हायपोशी मिसळून तपकिरी गाळ बसतो.

दर दाढेमागे एक ओळ लिहा: कोन, त्रिज्या, फाइल, वापर कितवा, लांबी आधी आणि नंतर, काय बिघडलं. वापरलेल्या फाइल्स पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, काढलेल्या दाढा पिवळ्या पिशवीत. तीस-चाळीस ओळी झाल्या की डीलरचा माणूस पुढच्या वेळी आल्यावर वही उघडून त्यालाच विचारा, २५ अंशांच्या पुढे आणि ५ मिमीच्या आत त्याची फाइल किती वेळा लांबी हरवते.